लांब पल्ल्याची मालमोटार आणि टायरची नक्षी

(सोलापूर येथे शुक्रवार पेठेत मालमोटारधारक, चालक, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून टायरच्या नक्षीवर तासभर बोलण्यासारखे ते काय, असे कोणास वाटले तर ते स्वाभाविक आहे. टायर म्हटला की किंमत, कंपनी आणि उधारी या तीन गोष्टींची चौकशी होते. नक्षी दुकानदार दाखवील ती, किंवा शेजाऱ्याने घातली असेल ती. परंतु पंधरा-वीस टनांचा माल घेऊन धावणारी मालमोटार रस्त्याला स्पर्श करते ती प्रत्येक चाकाखालच्या वीतभर जागेवरच. गाडीचे वळणे, थांबणे आणि पुढे सरकणे हे सारे त्या वीतभर जागेतल्या रबरावर अवलंबून असते. चालकाचा प्राण, समोरून येणाऱ्या वाटसरूचा प्राण आणि मालकाचा नफा या तिन्हींचा भार त्या जागेवर आहे. म्हणूनच हा विषय तपशिलाने मांडण्याचे मी योजिले आहे.

आपल्या पूर्वजांनाही चाकाच्या कडेचे महत्त्व ठाऊक होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोहार लोखंडी धाव चढवीत असे. धाव तापवून चढवायची आणि पाणी ओतून आवळून घ्यायची, हे दृश्य येथील वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांसमोर असेल. धाव झिजली की चाकाचे आयुष्य संपू लागे. मोटारीच्या युगात त्या धावेची जागा रबराने घेतली. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये मांडली आणि १८८८ मध्ये जॉन डनलॉप यांनी ती व्यवहारात आणली. आरंभीचे टायर गुळगुळीतच असत. जर्मनीतील काँटिनेंटल कंपनीने १९०४ मध्ये मोटारीसाठी नक्षीदार टायर आणला. १९४६ मध्ये फ्रान्समधील मिशलँ कंपनीने रेडियल टायरचे एकस्व घेतले. आज आपल्या महामार्गांवर नायलॉन आणि रेडियल असे दोन्ही प्रकारचे टायर धावत आहेत.

सोलापूरचे रस्ते

सोलापूर हे चौफेर वाटा फुटणारे शहर आहे. पुण्याहून येऊन नळदुर्ग, उमरगा, हैदराबादमार्गे थेट मच्छलीपट्टणमच्या किनाऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ येथून जातो. जुन्या मंडळींच्या तोंडी तो अजून ९ क्रमांकाचाच आहे. तुळजापूर, बीडवरून येऊन विजयपूरकडे उतरणारा ५२ क्रमांकाचा महामार्ग त्याला येथे मिळतो. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर असे करीत आंबा घाटाने रत्नागिरीला जाणारा रस्ता तिसरा. येथील चादरी व टॉवेल, साखर, सिमेंट, कांदा आणि डाळिंबे या रस्त्यांनी देशभर जातात. म्हणजे सोलापूरची मालमोटार बहुतांशी डांबरी वा काँक्रीटच्या सपाट महामार्गावर, दीर्घ काळ, एकसारख्या वेगाने आणि भर उन्हात धावते. एप्रिल-मे महिन्यांत येथील तापमान ४० अंशांच्या वर जाते. त्या वेळी डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या आसपास तापलेला असतो. ही परिस्थिती ध्यानात घेतली म्हणजे नक्षीचा विचार कोठून सुरू करावा हे उमगते.

नक्षीचे तीन मुख्य प्रकार

मालमोटारीच्या टायरवरील नक्षी स्थूलमानाने तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार रिबचा. यात टायरच्या परिघाला धरून सलग लांब पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये सलग खाचा असतात. असा टायर सरळ रेषेत सहज लोळतो, सुकाणूचे चटकन ऐकतो, बाजूला घसरत नाही, आवाज कमी करतो आणि तापतोही कमी. पावसाचे पाणी या लांब खाचांतून मागे निघून जाते. मात्र चिखलात किंवा सुट्या मातीत त्याची पकड सुटते.

दुसरा प्रकार लगचा. यात जाड ठोकळे आडवे बसविलेले असतात आणि त्यांच्यामधल्या खाचा बाहेरच्या कडेला उघड्या असतात. चिखल, मुरूम, खडी यांत हे ठोकळे रुतून गाडीला पुढे रेटतात, व खाचांत भरलेला चिखल बाहेर फेकला जातो. खाणीवर, धरणाच्या कामावर, उसाच्या फडात या टायरला तोड नाही. परंतु सपाट महामार्गावर हेच ठोकळे प्रत्येक फेऱ्यात वाकतात, सरळ होतात आणि पुन्हा वाकतात. त्यामुळे इंधन अधिक लागते, आवाज होतो आणि टायर तापतो.

तिसरा प्रकार रिब-लगचा, म्हणजे दोहोंच्या संयोगाचा. मधोमध सलग पट्ट्या आणि खांद्यांवर आडवे ठोकळे अशी त्याची रचना असते. सपाट रस्ता पुष्कळ आणि कच्चा रस्ता थोडा, असा ज्यांचा प्रवास आहे त्यांच्यासाठी हा मधला मार्ग आहे. याखेरीज सुट्या चौकोनी ठोकळ्यांची नक्षीही असते. ओल्या रस्त्यावर मागच्या चाकांना पकड मिळावी म्हणून रेडियल टायरमध्ये तिचा वापर वाढला आहे.

खोल नक्षीचा मोह

टायर निवडताना आपल्याकडे एक समज घट्ट रुजलेला आहे. नक्षी जितकी खोल आणि ठोकळे जितके जाड, तितका टायर जास्त चालणार, असा तो समज. वरवर पाहता तो पटण्यासारखा आहे. रबर जास्त, म्हणून झीज सोसण्याची शक्ती जास्त. परंतु लांब पल्ल्याच्या मालमोटारीसाठी तो बहुधा खोटा ठरतो.

याचे कारण उष्णता. रबर वाकले आणि पूर्ववत झाले की वाकविण्यासाठी खर्ची पडलेल्या शक्तीचा काही भाग परत मिळत नाही. तो उष्णतेच्या रूपाने रबरातच राहतो. रबर उष्णतेचे मंद वाहक असल्याने ही उष्णता लवकर बाहेर पडत नाही. नक्षी जितकी खोल आणि ठोकळे जितके सुटे, तितके त्यांचे वाकणे अधिक. खाणीवरची गाडी सावकाश चालते आणि वरचेवर थांबते, त्यामुळे तिचा टायर निवतो. महामार्गावरची गाडी ताशी ६०-७० किलोमीटर वेगाने चार-चार तास थांबत नाही. वर सूर्य, खाली तापलेले डांबर आणि टायरच्या पोटात साठत जाणारी उष्णता. अशा स्थितीत नक्षीचा थर आणि खालचे पट्टे यांना धरून ठेवणारी जोड सैल होऊ लागते. प्रथम फुगवटा येतो, मग थर सुटतो आणि शेवटी टायर फुटतो. महामार्गाच्या कडेला रबराच्या लांबच लांब चिंध्या पडलेल्या आपण पाहतो, त्यांपैकी पुष्कळांची कहाणी हीच असते. खोल लगचा टायर हा वाईट टायर नव्हे; तो दुसऱ्या कामाचा टायर आहे.

प्रत्येक एक्सलची गरज निराळी

एका गाडीला सर्वत्र एकच नक्षी घालणे सोयीचे असते, कारण स्टेपनी कोठेही चालते. तरीही पुढचा एक्सल, ओढ देणारा मागचा एक्सल आणि केवळ भार वाहणारा एक्सल या तिघांची कामे भिन्न आहेत.

पुढच्या चाकांवर दिशेची जबाबदारी असते. तेथे रिबच हवा. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. २०१८ मध्ये केंद्र शासनाने एक्सलच्या भाराच्या मर्यादा वाढविल्या. त्यानुसार दोन टायरांच्या एक्सलवर साधारणतः ७ टन आणि चार टायरांच्या एक्सलवर ११.५ टन भार अनुज्ञेय आहे. भागाकार करून पाहा. पुढच्या प्रत्येक टायरवर साडेतीन टन येतात, मागच्या प्रत्येक टायरवर तीन टनांहून कमी. मागे जोडचाक असल्यामुळे एक टायर फुटला तरी दुसरा क्षणभर सावरतो. पुढे सावरणारे कोणी नाही. टायर फुटताच गाडी त्या बाजूला ओढली जाते. म्हणून सर्वांत नवा आणि निर्दोष टायर पुढे असावा, आणि नवी नक्षी चढविलेला, म्हणजे रिमोल्ड केलेला टायर पुढे घालू नये.

ओढ देणाऱ्या मागच्या एक्सलला पकड लागते. सोलापूर-हैदराबाद किंवा सोलापूर-पुणे असा निव्वळ महामार्गाचा प्रवास असेल, तर तेथे रिब-लग किंवा बेताच्या खोलीची ठोकळ्यांची नक्षी योग्य होय. माल भरण्याची वा उतरविण्याची जागा कच्च्या रस्त्यावर असेल, तर रिब-लगच पत्करावा.

ट्रेलरची किंवा केवळ भार वाहणारी चाके ओढ देत नाहीत. ती मागोमाग येतात. त्यांना उथळ खाचांचा रिब पुरेसा असतो. तेथे लग घातल्यास ठोकळ्यांची एक कड झिजते आणि दुसरी उंच राहते. तळहात टायरवरून एका दिशेने फिरविला तर गुळगुळीत आणि उलट फिरविला तर करवतीसारखे लागते. असे लागले की नक्षी चुकीच्या जागी बसली आहे किंवा चाकांची जुळणी बिघडली आहे, असे समजावे.

एकाच एक्सलवर एका बाजूला नायलॉन आणि दुसऱ्या बाजूला रेडियल घालू नये. जोडचाकात एक टायर नवा आणि दुसरा अर्धा झिजलेला असेल, तर उंच टायर सारा भार घेतो आणि ठेंगणा रस्त्यावर घासत जातो. दोघांचेही आयुष्य त्यात सरते.

पाऊस आणि घाट

सोलापुरात वर्षाकाठी पाऊस बेताचाच पडतो. परंतु आपली गाडी सोलापुरातच फिरत नाही. सकाळी मंगळवेढ्याच्या कोरड्या माळावरून निघालेली मालमोटार संध्याकाळी आंबा घाटातल्या धुवाधार पावसात असते. दुसरी खंडाळ्याचा बोरघाट उतरत असते. ओल्या रस्त्यावर टायरखालचे पाणी खाचांतून निघून गेले नाही, तर रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा पापुद्रा राहतो. मग चाक फिरते, पण पकडत नाही. भरलेल्या गाडीपेक्षा रिकामी गाडी या बाबतीत अधिक धोक्याची असते. भार कमी झाल्यामुळे टायर रस्त्यावर कमी टेकतो आणि पाणी दाबून बाहेर काढण्याची त्याची शक्ती घटते. माल उतरवून परतताना चालक निर्धास्त होतो, तेव्हाच सावध राहण्याची गरज असते.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मालमोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी खोल असता कामा नये. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायरचे काम संपले. परंतु १.६ मिलिमीटर ही शेवटची मर्यादा आहे. अमेरिकेत अशा गाड्यांच्या पुढच्या चाकांना सुमारे ३.२ मिलिमीटर खोली आवश्यक मानली जाते. घाटात जाणाऱ्या गाडीने पुढच्या टायरबाबत हीच मर्यादा स्वतःहून पाळावी. गोटा झालेला टायर कोरड्या रस्त्यावर चालतो म्हणून तो पावसातही चालेल, असे मानणे घातक आहे.

हवा आणि भार

नक्षी कितीही विचारपूर्वक निवडली, तरी हवा बरोबर नसेल तर ती निवड वाया जाते. उन्हाळ्यात टायर फुटू नये म्हणून हवा थोडी कमी ठेवावी, असा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. तो उलटा आहे. हवा कमी म्हणजे टायरच्या बाजू अधिक वाकणार, अधिक वाकणे म्हणजे अधिक उष्णता, आणि अधिक उष्णता म्हणजे फुटण्याला आमंत्रण. हवा गाडी थंड असताना, निघण्यापूर्वी, मापकाने तपासावी. वाटेत टायर गरम असताना दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नये. लोखंडी पहारीने टायर ठोकून आवाज ऐकण्याची रीत पूर्ण बसलेला टायर ओळखण्यापुरती ठीक आहे. दहा-वीस पौंडांचा फरक कानाला कळत नाही.

टायर स्वतःच आपली तक्रार लिहून ठेवीत असतो. मध्यभाग झिजला तर हवा जास्त. दोन्ही खांदे झिजले तर हवा कमी किंवा भार अधिक. एकच खांदा झिजला तर चाकांची जुळणी बिघडलेली. आठवड्यातून एकदा दिवसाउजेडी ही नक्षी वाचण्याची सवय चालकाने आणि मालकाने मिळून लावून घ्यावी. अधिक भारासाठी जाड नक्षीचा टायर घेणे हा उपाय नव्हे. भार पेलतो तो टायरचा सांगाडा आणि आतली हवा, नक्षी नव्हे.

किलोमीटरचा हिशेब

आता पैशाकडे वळू. समजा, एका टायरची नक्षी २२ मिलिमीटर खोल आहे आणि आपल्या मार्गावर ती दर ३,००० किलोमीटरला एक मिलिमीटर झिजते. दुसऱ्याची खोली १५ मिलिमीटर आहे, परंतु तो एक मिलिमीटर झिजायला ६,००० किलोमीटर घेतो. दोन्ही टायर दोन मिलिमीटर शिल्लक असताना काढले, तर पहिला ६०,००० किलोमीटर चालेल आणि दुसरा ७८,०००. दुकानात जो कमी रबराचा दिसला, तोच रस्त्यावर पुढे गेला. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. आपापल्या गाडीचे आकडे प्रत्येकाने स्वतः काढावयाचे आहेत. त्यासाठी नक्षीची खोली मोजण्याचे एक लहान मापक आणि एक वही पुरेशी आहे. टायरचा क्रमांक, बसविल्याची तारीख, त्या वेळचे किलोमीटर आणि दर महिन्याची खोली, एवढ्या चार नोंदी ठेवल्या की सहा महिन्यांत कोणती नक्षी आपल्या मार्गाची हे वहीच सांगेल.

इंधनाचाही हिशेब यातच येतो. लांब पल्ल्याच्या भरलेल्या मालमोटारीत जळणाऱ्या इंधनापैकी सुमारे एक तृतीयांश टायर लोळविण्याच्या कामी खर्च होते. टायरचा हा विरोध दहा टक्के घटला, तर इंधनात अंदाजे तीन टक्के बचत होते. वर्षाला एक लाख किलोमीटर धावणारी आणि लिटरला चार किलोमीटर देणारी गाडी २५,००० लिटर डिझेल जाळते. त्याचे तीन टक्के म्हणजे ७५० लिटर. केंद्र शासनाने २०२२ मध्ये टायरचा लोळण-विरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांसाठी मानके लागू करण्याची अधिसूचना काढली, तिच्यामागे सुरक्षिततेबरोबर हाही विचार आहे.

रिमोल्डविषयी दोन शब्द. सांगाडा शाबूत असेल तर नवी नक्षी चढविणे हा काटकसरीचा आणि योग्य मार्ग आहे. आपल्या एस. टी. महामंडळानेही त्यासाठी स्वतःचे कारखाने उभारले. परंतु तार उघडी पडेपर्यंत टायर ओढला, तर सांगाडा निकामी होतो. थोडी नक्षी शिल्लक असतानाच टायर उतरविणारा मालक त्याच सांगाड्यावर दुसरे आयुष्य मिळवितो. नवी नक्षी चढवितानाही ती त्या एक्सलच्या कामाचीच निवडावी.

सार्वजनिक खरेदी

शेवटी अधिकारी आणि पंचायत सदस्य यांना एक विनंती. टंचाईच्या दिवसांत गावोगाव पाणी पोचविणारे टँकर, घंटागाड्या आणि इतर सार्वजनिक वाहने यांच्यासाठी टायर खरेदी होतात. मागणीपत्रात बहुधा आकार आणि संख्या एवढेच असते, आणि कमीत कमी दराचा टायर स्वीकारला जातो. त्यात नक्षीचा प्रकार, कोणत्या एक्सलसाठी आणि रस्ता कच्चा की पक्का, या तीन बाबी नमूद कराव्यात. वाडीवस्तीच्या काळ्या मातीत जाणाऱ्या टँकरला मागे लग हवा, पुढे मात्र रिबच हवा. पाण्याचा टँकर चिखलात रुतला तर गाव तहानलेले राहते, आणि महामार्गावर त्याचा पुढचा टायर फुटला तर त्याहून मोठा अनर्थ होतो. ऊस गळिताच्या हंगामात शेतातून थेट महामार्गावर येणारी वाहने टायरमधला चिखल रस्त्यावर सांडतात, आणि त्यावरून दुचाकीस्वार घसरतात. शेतरस्ता जेथे महामार्गाला मिळतो, तेथे थोडा खडीचा तुकडा करून चिखल तेथेच झाडून घेण्याची व्यवस्था पंचायतीला करता येण्याजोगी आहे.

शिक्षक मित्रांना मी एवढेच म्हणेन की घर्षण आणि उष्णता शिकविताना शाळेसमोर उभ्या राहणाऱ्या मालमोटारीची चाके मुलांना दाखवा. कोणत्या चाकाला कोणती नक्षी आहे आणि का, हे जी मुले आज विचारतील, त्यांपैकी काही उद्या याच गाड्या चालवितील.

सर्वांत चांगली नक्षी कोणती, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणता रस्ता, कोणता एक्सल, किती भार आणि केवढा वेग, हे चार प्रश्न दुकानाची पायरी चढण्यापूर्वी स्वतःला विचारावेत. सोलापूरच्या लांब पल्ल्याच्या गाडीपुरते बोलायचे तर पुढे रिब, मागे बेताचा रिब-लग, ट्रेलरला उथळ रिब आणि सर्वांत योग्य हवा, असे त्याचे उत्तर येते.